झाविखोस्तची लढाई (१२०५): रोमान आपल्या मामेभावांवर का चालून गेला?

बालाघाटवासी, अंबाजोगाई

सर्व अभ्यासकांना सप्रेम नमस्कार.

आमच्या वाचनालयातील अभ्यासमंडळाने यंदा मध्ययुगातील सीमाप्रदेश हा विषय घेतला आहे. देवगिरीचे यादव आणि होयसळ यांच्या कृष्णा-तुंगभद्रा दोआबातील संघर्षावर एक व्याख्यान झाले. त्याच शतकातील, परंतु आपल्या वाचकांना फारशी परिचित नसलेली एखादी सीमेवरची लढाई मांडण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मी रूस (कीवभोवतीच्या पूर्व स्लाव राज्यांचा प्रदेश) आणि पोलंड यांच्या सीमेवरील झाविखोस्तची लढाई निवडली आहे. १९ जून १२०५ रोजी विस्तुला नदीच्या काठी झालेल्या या लढाईत हालिच आणि वोलिन या दोन्ही राज्यांचा स्वामी असलेला रोमान मस्तिस्लाविच मारला गेला आणि त्याने उभारलेले राज्य पुढे कित्येक वर्षे विस्कळीत झाले, एवढी रूपरेषा मला स्पष्ट आहे.

अडचण तिच्यापुढे आहे. ज्या लेशेक आणि कोनराड या पोलिश राजपुत्रांनी रोमानला ठार केले, त्यांच्याच बाजूने तो दहा वर्षांपूर्वी लढला होता, आणि ११९९ साली त्याला हालिचची गादी मिळाली तीही लेशेकच्या फौजेच्या मदतीने, असे वाचनात येते. मग हा माणूस आपल्याच उपकारकर्त्यांवर का चालून गेला? दुसरे असे की, काही ठिकाणी या प्रसंगाचे वर्णन मोठे रणसंग्राम म्हणून येते, तर काही ठिकाणी ती केवळ एका लहान तुकडीवर झालेली अचानक झडप असल्याचे दिसते. यांतील कोणते वर्णन अधिक ग्राह्य मानावे? आणि श्रोत्यांना हा प्रसंग पोलिश विरुद्ध रुथेनी (म्हणजे रूसचे लोक) अशा दोन लोकसमूहांतील युद्ध म्हणून सांगणे योग्य होईल का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

तेरणाकाठ, धाराशिव

आपण विषय फार चांगला निवडला आहे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातच आहे. या लढाईचा विचार दोन राष्ट्रांपासून सुरू केला तर ती कळत नाही. वंशावळीपासून सुरू केला की एकेक गाठ सुटत जाते. ही मुळात भाऊबंदकी आहे आणि तिच्यात सीमेच्या दोन्ही बाजूंचे भाऊबंद गुंतलेले आहेत.

पोलंडचा अधिपती बोलेस्लाव तिसरा ११३८ साली वारला आणि त्याचे राज्य मुलांमध्ये वाटले गेले. थोरल्याकडे क्राकोव आणि इतरांवर वडीलकी, अशी ती व्यवस्था होती. परंतु वडीलकी कोणाची, यावरूनच पुढे पिढ्यान्‌पिढ्या तंटे चालले. याच बोलेस्लावची एक मुलगी रूसमधील मस्तिस्लाव इझियास्लाविच या राजपुत्राला दिली होती, आणि रोमान हा तिचा मुलगा. म्हणजे काझिमिएझ आणि मिएश्को हे दोघे पोलिश राजपुत्र त्याचे सख्ख्या नात्यातले मामा होते आणि लेशेक व कोनराड हे काझिमिएझचे मुलगे त्याचे मामेभाऊ, फक्त वयाने त्याच्यापेक्षा तीसेक वर्षांनी लहान. क्राकोवचा इतिहासकार विन्सेंटी कादलुबेक तर असे लिहितो की रोमान जवळपास पाळण्यापासून काझिमिएझच्या दरबारात वाढला. आजोळी वाढलेला हा मुलगा पुढे नोव्हगोरोदचा राजपुत्र झाला, ११७० साली वडिलांच्या मृत्यूनंतर वोलिनच्या गादीवर आला, आणि त्यानंतर त्याचे सगळे लक्ष शेजारच्या श्रीमंत हालिचवर राहिले. तेथील मिठाच्या उत्पन्नाचे महत्त्व त्या काळी फार मोठे होते.

आता ११९५ सालाकडे या. काझिमिएझ आदल्या वर्षी वारला होता, मुले अल्पवयीन होती, आणि वृद्ध मिएश्को क्राकोव घेण्यासाठी फौज जमवत होता. नेमका याच वेळी रोमान आपल्या स्वतःच्या भांडणासाठी मदत मागायला क्राकोवला आला. त्याचे भांडण सासऱ्याशी, म्हणजे कीवच्या रुरिकशी होते. मामेभावांच्या पक्षाने त्याला असे उत्तर दिले की आम्ही तुला अवश्य मदत करू, परंतु आमचा चुलता आमच्यावर उठला आहे, तेव्हा आधी तू आमच्याबरोबर चल. मिएश्कोकडूनही रोमानकडे मध्यस्थीची विनंती आली होती. रोमानने मध्यस्थी बाजूला ठेवली आणि एका मामाच्या मुलांसाठी दुसऱ्या मामाविरुद्ध तलवार उचलली.

१३ सप्टेंबर ११९५ रोजी मोझगावा नदीकाठी झालेली ही लढाई अतिशय रक्तरंजित ठरली. मिएश्कोचा मुलगा मारला गेला, स्वतः मिएश्को जखमी झाला, आणि रोमानलाही जखमा झाल्या. तो माघारी निघाला तेव्हा क्राकोवचा बिशप फुल्को घाईघाईने त्याच्या मागे गेला आणि मिएश्को परत आला तर नगराचे रक्षण कोण करील, तू थांब, अशी त्याने विनवणी केली. रोमानने त्याला आपल्या जखमा दाखवल्या आणि सांगितले की माझे लोक काही मेले, काही पांगले; आता थांबून मी काय करू? कादलुबेकने हा प्रसंग ज्या जवळिकीने लिहिला आहे, तो आपल्या व्याख्यानात अवश्य यावा. रोमान उपकारांच्या ओझ्याखाली दबलेला होता, ही समजूत त्याने दूर होते. देणे दोन्हीकडून होते आणि रोमानने आपला वाटा स्वतःच्या रक्ताने भरला होता. ११९९ साली हालिचचा राजा व्लादिमिर वारल्यावर लेशेकची फौज रोमानसाठी तिकडे गेली, ती या देण्याची परतफेड होती.

तेव्हा १२०५ ची स्वारी ही कृतघ्नता म्हणून मांडू नये, असे माझे ठाम मत आहे. हालिच आणि वोलिन एकत्र आल्यावर तोलच बदलला होता. रोमानने कीववर आपला प्रभाव बसवला, गवताळ प्रदेशातील कुमान या भटक्या टोळ्यांवर स्वाऱ्या केल्या आणि सासरा रुरिक याला जबरदस्तीने संन्यासदीक्षा देऊन मठात बसवले. इतक्या सामर्थ्यवान झालेल्या माणसाला क्राकोवच्या पक्षातील एक दुय्यम मित्र म्हणून राहणे मानवणारे नव्हते.

सिंदफणा, बीड

तेरणाकाठ यांनी नात्यांची बाजू उत्तम मांडली आहे. आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण माझ्या दृष्टीने या प्रसंगात साधनांची चिकित्सा हाच सर्वांत महत्त्वाचा भाग आहे.

पहिली गोष्ट अशी की ज्याच्याकडून तपशिलाची सर्वाधिक अपेक्षा असावी तो कादलुबेक येथे आपल्याला सोडून जातो. त्याचे इतिवृत्त १२०२ पाशीच संपते. पोलिश वार्षिक नोंदी आपल्याकडील शकावल्यांसारख्या आहेत: अमुक साली रोमान झाविखोस्तला मारला गेला, लेशेक आणि कोनराड विजयी झाले, एवढेच. याउलट रूसमधील लावरेंती इतिवृत्तात एक लहान परंतु अत्यंत नेमके वर्णन आहे. त्यानुसार रोमान पोलिश लोकांवर चालून गेला, त्याने दोन नगरे घेतली आणि विस्तुलेच्या काठी तळ दिला. त्यानंतर तो थोड्या माणसांनिशी आपल्या मुख्य फौजेपासून दूर गेला असता पोलिश लोकांनी गाठून त्याला आणि त्याच्या सोबत्यांना ठार केले. मागाहून हालिचचे लोक तेथे पोहोचले, त्यांनी आपल्या राजाचा देह उचलला आणि हालिचला नेऊन देवमातेच्या चर्चमध्ये पुरला.

या वर्णनात शौर्याचा फुलोरा नाही, शत्रूला नावे ठेवणे नाही आणि स्वतःच्या पक्षाची सफाईही नाही. आपला राजा फौजेपासून दूर असताना मारला गेला, ही गोष्ट कोणी इतिवृत्तकार कौतुकाने रचून सांगणार नाही. म्हणूनच मी तिला सर्वाधिक वजन देतो.

पंधराव्या शतकातील यान द्लुगोशचे वर्णन मात्र उत्तरकालीन बखरींच्या जातीचे आहे. त्यात लुब्लिनचा दीर्घ वेढा येतो, वाटाघाटी येतात, मोठी लढाई येते, नदी ओलांडून पळणाऱ्या रोमानला न ओळखता एखाद्या सामान्य शिपायासारखे मारले जाते. त्याचा देह आधी सांडोमिएझला पुरला गेला आणि नंतर रुथेनी सरदारांनी एक हजार मार्क चांदी देऊन तो सोडवून नेला, असेही द्लुगोश सांगतो. घटनेनंतर अडीचशे वर्षांनी लिहिणाऱ्या या माणसाचा हेतू पोलंडच्या वैभवाची सलग कथा उभी करण्याचा होता, हे ध्यानात ठेवून त्याचे तपशील बाजूला ठेवावेत. त्याने दिलेली एक गोष्ट मात्र मला पटते. लढाईचा दिवस संत गेर्वासियस आणि संत प्रोतासियस यांच्या सणाचा होता, म्हणून लेशेक आणि कोनराड यांनी क्राकोवच्या मुख्य चर्चमध्ये या दोन संतांच्या नावे वेदी उभारली. ज्या भावांना एवढी कृतज्ञता व्यक्त करावीशी वाटली, त्यांना आपण केवढ्या संकटातून सुटलो याची पूर्ण जाणीव होती, हे त्यावरून दिसते.

जागेविषयीही लिहायला हवे. झाविखोस्त विस्तुलेच्या डाव्या म्हणजे पश्चिम काठावर आहे, आणि सान नदी विस्तुलेला मिळते ती जागा त्याच्या वरच्या अंगाला आहे. रूसकडून सांडोमिएझ आणि क्राकोवकडे जाणाऱ्या वाटेवरचा हा जुना उतार होता. ज्यांनी गोदावरीच्या उतारांवरून झालेल्या लढाया वाचल्या आहेत, त्यांना असा उतार म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागणार नाही. फौज उतरत असताना ती दोन काठांवर विभागलेली असते, बाजारबुणगे आणि सामान मागे असते, सरदाराला पुढची वाट स्वतः पाहावी लागते. रोमान थोड्या लोकांनिशी दूर का गेला असावा, याचे माझ्या मते सर्वांत साधे आणि सयुक्तिक कारण हेच आहे.

आता एका बाबतीत तेरणाकाठ यांच्याशी माझा मतभेद आहे. सगळे काही भाऊबंदकीवर टाकले की जमीन नजरेआड होते. बुग आणि सान या नद्यांच्या मधला पट्टा त्या वेळी दोनशे वर्षांहून अधिक काळ वादात होता. ९८१ साली कीवच्या व्लादिमिरने या पट्ट्यातील चेर्वेनची नगरे पोलिश लोकांकडून घेतली. १०१८ साली बोलेस्लाव पहिला याने बुग नदीवर कीवचा राजपुत्र यारोस्लाव याचा पराभव करून कीवपर्यंत धडक मारली आणि परततांना ती नगरे परत घेतली. १०३१ साली यारोस्लाव आणि त्याचा भाऊ मस्तिस्लाव यांनी ती पुन्हा जिंकली. आपल्याकडे निजामशाही आणि आदिलशाही यांच्यात सोलापूर, नळदुर्ग, परांडा या किल्ल्यांवरून जे चालले, आणि सोलापूरचा किल्ला चांदबिबीच्या विवाहात आंदण म्हणून दिला गेला तरी तंटा मिटला नाही, त्याच जातीचा हा प्रदेश होता. लग्ने होत राहिली आणि किल्ल्यांवरचा दावाही कोणी सोडला नाही. द्लुगोश रोमानच्या तोंडी लुब्लिनची मागणी घालतो. तिचे शब्द त्याचे असतील, परंतु अशी मागणी कोणाला अशक्य वाटणार नव्हती.

बालाघाटवासी, अंबाजोगाई

दोघांचेही मनःपूर्वक आभार. दोन काठांवर विभागलेल्या फौजेचा मुद्दा माझ्या मनात अजिबात आला नव्हता आणि त्यामुळे लावरेंती इतिवृत्तातील ते त्रोटक वाक्य एकदम जिवंत झाले.

आणखी दोन गोष्टी विचारतो. रोमानच्या मृत्यूनंतर त्याच्या कुटुंबाचे काय झाले, आणि धर्मभेदाला या वैरात किती स्थान होते? लढाईच्या आदल्याच वर्षी, १२०४ साली, पश्चिमेकडील क्रुसेडरांनी कॉन्स्टँटिनोपल लुटले होते. रोमान पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स पंथाचा आणि त्याचे मामेभाऊ रोमच्या पंथाचे. आमच्या मंडळातील काही सदस्यांना हाच धागा मुख्य वाटतो.

मांजरातीर, लातूर

आपला पहिला प्रश्न वाचून मला फार आनंद झाला, कारण या लढाईतील माझ्या मते सर्वांत हृद्य भाग लढाईनंतरचा आहे.

रोमान मेला तेव्हा त्याचा थोरला मुलगा दानिलो चार वर्षांचा आणि धाकटा वासिल्को दोन वर्षांचा होता. हालिचच्या बोयार सरदारांनी पाठ फिरवली. मठात डांबलेला रुरिक ही बातमी कळताच संन्यासवस्त्रे टाकून पुन्हा कीवच्या गादीवर बसला. (त्याच्या पत्नीने मात्र मठ सोडण्यास नकार दिला, ही नोंद मला नेहमी थबकून वाचावीशी वाटते.) विधवा राणी मुलांना घेऊन आधी हालिचहून वोलिनच्या राजधानीत, व्होलोदिमिरला गेली. तेथेही नगराने त्यांना शत्रूच्या हाती देण्याची भाषा सुरू केली. तेव्हा रात्री तटाच्या एका भगदाडातून हे कुटुंब बाहेर पडले. मिरोस्लाव नावाच्या विश्वासू माणसाने दानिलोला घोड्यावर आपल्या पुढे बसवले होते, आणि वासिल्कोला युरी नावाचा धर्मगुरू आणि दाई घेऊन चालले होते. हालिच-वोलिन इतिवृत्त सांगते की कोठे पळावे हेही त्यांना कळत नव्हते, कारण रोमान पोलंडमध्येच मारला गेला होता आणि लेशेकशी तह झालेला नव्हता.

तरीही ते लेशेककडेच गेले, आणि लेशेकने वैर मनात ठेवले नाही. त्याने आपल्या वहिनीला आणि तिच्या मुलांना मोठ्या सन्मानाने आश्रय दिला. हे वैर आमच्यात सैतानाने घातले, असे तो म्हणाल्याचे इतिवृत्तकार नोंदवतो. तो व्होलोदिस्लाव नावाच्या बोयाराचेही नाव घेतो. रोमान आणि लेशेक यांच्यातील प्रेम या माणसाला सहन होत नव्हते आणि त्याने दोघांमध्ये कपटाने बिब्बा घातला, असे त्याचे म्हणणे आहे. रोमान का चालून गेला, या आपल्या पहिल्या प्रश्नाला रोमानच्याच वंशजांच्या दरबारातून मिळालेले उत्तर हे आहे. दरबारी मंडळी राजाला दोष देण्याऐवजी बोयारांवर खापर फोडणार, हे गृहीत धरले तरी एक गोष्ट पुरेशी बोलकी आहे. पुढे स्वतंत्र सत्ता मिळवलेल्या दानिलोच्या पक्षालाही आपल्या राजाच्या वडिलांना मारणाऱ्याविषयी कटू लिहावेसे वाटले नाही. लेशेकने वासिल्को आणि त्याच्या आईला आपल्याकडे ठेवून घेतले आणि दानिलोला हंगेरीच्या आंद्रेआस राजाकडे पाठवले, कारण रोमान त्याचाही मित्र होता.

ही गोष्ट अर्धवट सोडू नये म्हणून आपल्या व्याख्यानात १७ ऑगस्ट १२४५ ची यारोस्लावची लढाई जरूर जोडावी. हे यारोस्लाव म्हणजे सान नदीकाठचे नगर. झाविखोस्तपासून बरोबर चाळीस वर्षांनी तीच माणसे आणि त्यांची मुले पुन्हा समोरासमोर आली, परंतु बाजू बदलून. चेर्निगोवचा रोस्तिस्लाव हालिचवर हक्क सांगत होता. तो दानिलोच्या बहिणीचा मुलगा, म्हणजे भाचा, आणि हंगेरीच्या बेला चौथ्याचा जावई. त्याच्या मदतीला हंगेरीची फौज घेऊन फिला हा सेनापती आला होता, आणि क्राकोवकडून फ्लोरियान नावाचा सरदार पोलिश तुकडी घेऊन आला होता. क्राकोवच्या गादीवर त्या वेळी लेशेकचा मुलगा बोलेस्लाव होता. त्याची पत्नी किंगा आणि रोस्तिस्लावची पत्नी आन्ना या दोघी बेलाच्या मुली, म्हणून हे दोघे साडू. ज्या लेशेकने दानिलोला आश्रय दिला, त्याच्या मुलाने साडूपणाच्या नात्याने दानिलोविरुद्ध फौज पाठवली. आणि दुसरीकडे, ज्या कोनराडने झाविखोस्तला रोमानविरुद्ध तलवार धरली होती, त्याच वृद्ध कोनराडकडे रोमानच्या मुलाने मदत मागितली आणि त्याने ती पाठवलीही. लिथुआनियाच्या मिंदाउगासनेही पाठवली. दोन्ही फौजा लढाई संपल्यावर पोहोचल्या.

लढाईचे वर्णन इतिवृत्तकाराने मन लावून केले आहे. नगराला वेढा घालून बसलेल्या रोस्तिस्लावने आपला आत्मविश्वास दाखवण्यासाठी वेशीसमोर झुंजीचा खेळ मांडला. त्यात त्याचा घोडा पडला आणि त्याचा खांदा निखळला. दानिलोची फौज सान नदीकडे आली तेव्हा पुढे असलेल्या कुमानांना पलीकडे शत्रूची जनावरे मोकळी चरताना दिसली, पहारा नव्हता, आणि तरीही राजाच्या आज्ञेवाचून त्यांनी लुटीला हात लावला नाही. वासिल्कोच्या समोर पोलिश लोक होते. ते ‘कीरिये एलेइसॉन’ (प्रभू, दया कर) हे भजन मोठ्याने म्हणत पुढे आले, आणि लांब दाढीवाल्यांना, म्हणजे ऑर्थोडॉक्स रूसी लोकांना, पिटाळून लावा असे ओरडले. ज्यांच्या घरात वासिल्कोचे बालपण गेले त्यांच्याच सैन्याचे हे शब्द होते. दानिलोचा कोवळ्या वयाचा मुलगा लेव याने फिलावर आपला भाला मोडला. स्वतः दानिलो एकदा हंगेरियनांच्या हाती सापडून निसटला, पुन्हा आत घुसला आणि त्याने फिलाचे निशाण मधोमध फाडले. ते पाहून रोस्तिस्लाव पळाला. फिला पकडला गेला आणि त्याला देहदंड झाला. फ्लोरियानही कैद झाला.

एक सूचना: हालिच-वोलिन इतिवृत्ताच्या हस्तलिखितात ही लढाई १२४९ सालाखाली पडलेली आहे, कारण त्यातील वर्षांचे आकडे नंतरच्या नकलाकाराने घातले आहेत. १२४५ हे साल इतर साधनांशी पडताळून निश्चित झालेले आहे. श्रोत्यांपैकी कोणी १२४९ वाचून आले असतील, तर गोंधळ होऊ नये.

देवगिरीचा वाचक, छत्रपती संभाजीनगर

धर्मभेदाविषयी थोडक्यात लिहितो. रोमान पोलंडमधून पुढे सॅक्सनीत जाऊन चर्चेस उद्ध्वस्त करणार होता, असे शँपेनमधील आल्बेरिक नावाच्या मठवासी इतिवृत्तकाराने लिहिले आहे, आणि धर्मयुद्धाचा धागा मुख्य मानणारे बहुधा याच वाक्याचा आधार घेतात. परंतु जर्मनीतील एर्फुर्ट येथील संत पीटरच्या मठात पुण्यतिथींची जी वही होती, तिच्यात १९ जून या दिवशी ‘रूसचा राजा रोमान’ याची नोंद आहे, आणि त्याने मठाला तीस मार्क दिले होते असे तीत लिहिले आहे. रोमच्या पंथाच्या मठाला देणगी देणारा आणि त्या मठवासीयांनी ज्याच्यासाठी दरवर्षी प्रार्थना केली असा हा माणूस चर्चेस पाडण्यासाठी निघाला होता, हे मानणे मला शक्य होत नाही. आल्बेरिकच्या वाक्यातील सॅक्सनीचा उल्लेख मात्र मी सहज फेकून देणार नाही. जर्मनीत त्या वेळी श्वाबियाचा फिलिप आणि ओट्टो यांच्यात सम्राटपदासाठी युद्ध पेटलेले होते, आणि एर्फुर्टशी असलेला संबंध पाहता रोमानची नजर तिकडेही असू शकते, असे काही इतिहासकार मानतात. तो तर्क विचारार्ह आहे.

पंथभेद लोकांना दिसत नव्हता असे मात्र म्हणता येणार नाही. मांजरातीर यांनी सांगितलेली दाढीवाल्यांची आरोळी तेच दाखवते. तो रणांगणावरच्या शिपायाच्या तोंडात होता; राजे मात्र सोयरीक करताना, आश्रय देताना आणि फौज मागताना त्याच्यापाशी अडून राहत नव्हते. याच दानिलोने १२५३ साली द्रोहिचिन येथे पोपच्या प्रतिनिधीच्या हातून राजमुकुट स्वीकारला, आणि तरीही तो अखेरपर्यंत ऑर्थोडॉक्सच राहिला.

बालाघाटवासी, अंबाजोगाई

एर्फुर्टची नोंद माझ्यासाठी सर्वस्वी नवी आहे. आता व्याख्यानाची मांडणी मनात पक्की झाली: मोझगावापासून सुरुवात, मध्ये झाविखोस्त, आणि यारोस्लावपाशी शेवट. प्रत्येक टप्प्यावर वंशावळीचा एकच तक्ता पडद्यावर ठेवीन, म्हणजे मामा, भाचा, साडू ही नाती श्रोत्यांना लगेच समजतील. नकाशात काय दाखवावे, एवढे कोणी सांगितले तर उपकार होतील.

सिंदफणा, बीड

आजच्या राष्ट्रांच्या सीमा नकाशावर अजिबात घालू नका. झाविखोस्त आणि यारोस्लाव ही दोन्ही स्थळे आज पोलंडमध्ये आहेत. त्यामुळे आजची सीमारेषा दिसली की दानिलो परक्या मुलखात लढायला गेला असा चुकीचा ग्रह होतो. प्रत्यक्षात यारोस्लाव हे त्या वेळी हालिचच्या राज्यातील नगर होते आणि तेथे आक्रमक म्हणून आला होता तो रोस्तिस्लाव.

विस्तुला, सान, बुग आणि द्नीस्तर या चार नद्या ठळक दाखवा. पश्चिमेकडून क्राकोव, सांडोमिएझ, झाविखोस्त, लुब्लिन, आणि पूर्वेकडे यारोस्लाव, व्होलोदिमिर, हालिच एवढी नगरे पुरेत. झाविखोस्त सान आणि विस्तुलेच्या संगमाच्या खालच्या अंगाला, विस्तुलेच्या डाव्या काठावर आहे, हे नकाशा काढणाऱ्याला मुद्दाम सांगा. लहान प्रमाणाच्या नकाशांत ते अनेकदा सांडोमिएझवरच येऊन बसते. मोझगावासाठी येंजेयुव हे जवळचे गाव खूण म्हणून घेता येईल. मदतीची फौज कोनराडच्या माझोवियाकडून, म्हणजे उत्तरेकडून, यारोस्लावकडे यायची होती, ती वाट बाणाने दाखवलीत तर ती वेळेवर का पोहोचली नाही हे अंतरावरूनच दिसेल.